आई, तू हसली नाहीस

गुरुवार, रात्री उशिरा

"आई, तू हसली नाहीस."

लेक एवढंच म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात शिरली. तक्रार नव्हती, टोमणा तर नव्हताच. पण संध्याकाळपासून ते वाक्य माझ्या मागे मागे घरभर फिरतंय. ओटा आवरला, उद्याच्या डब्याचं ठरलं, दारं लावून झाली, तरी ते आहेच. म्हणून लिहायला बसले.

झालं होतं ते इतकंच. आजी झोपाळ्यावर बसून सुरती पापडी सोलत होत्या, मी खाली लसूण घेऊन बसले होते आणि लेक तिच्या इंग्रजी पुस्तकातलं आम्हाला सांगत होती. वाचून नाही दाखवत ती. एक पान मनात वाचते, आधी स्वतः हसून घेते आणि मग तिच्या बडोदी मराठीत, वाक्यागणिक 'ने' लावत, सांगते. पुस्तक ॲड्रियन मोलच्या रोजनिशीचं. स्यू टाउनसेंड या बाईंनी लिहिलेलं, १९८२ सालचं. म्हणजे लेकीपेक्षा माझ्याच वयाचं म्हणायचं. पावणेचौदा वर्षांचा मुलगा. हनुवटीवर पुटकुळी उठली की याला वाटतं आता सगळं संपलं. पँडोरा नावाच्या मुलीवर जीव जडलेला. टीव्हीवर कुणा विद्वानाचं बोलणं जवळजवळ सगळं समजलं, त्यावरून याची खात्री पटते की आपण विचारवंत आहोत. कविता करतो आणि थेट बीबीसीला पाठवतो.

तर त्याच्या खोलीच्या भिंतींना लहानपणीचा नॉडीचा कागद लावलेला आहे. नॉडी म्हणजे तो टोपीवाला बाहुला, टोपीच्या टोकाला घुंगरू. आता हा मोठा झाला, प्रेमात पडला, विचारवंत झाला. त्याला ती खोली कशी चालेल? तो भिंती काळ्या रंगवायला काढतो. रंगाचे हात देत जातो, पण घुंगरं काही झाकली जात नाहीत. काळ्यातून वर येतातच. शेवटी काळं स्केचपेन घेऊन एकेक घुंगरू रंगवत बसतो.

लेक झोपाळ्याच्या कडीला धरून हसत होती. आजी तर इतक्या हसल्या की मांडीवरची पापडी खाली सांडली. डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी कमाटीबागेत, बँडस्टँडपाशी, एक जण..." आणि तेवढ्यात लेकीचा बाबा आत आला. आजींनी पदर सारखा केला आणि कोणीतरी चहा टाका म्हणाल्या.

मी हसले नव्हते हे खरं आहे. मला माझंच कळलं नव्हतं, तिने सांगितल्यावर कळलं.

आधी वाटलं, हा हेवा आहे. असं काही आमच्या वाट्याला आलंच नाही. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मी लहानाची मोठी झाले म्हटलं तरी चालेल. सयाजीरावांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि १९१० साली या कामाला हात घातला. गावोगाव पेट्या भरून पुस्तकं पाठवणारं संस्थान आमचं. मराठी पुस्तकांना बडोद्यात तोटा नव्हता कधी. ताम्हनकरांचा गोट्या मला तिथेच भेटला, भागवतांचा फास्टर फेणेही तिथेच. फुरसुंगीच्या त्या बनेश फेणेवर माझा फार जीव होता. पण फेणेच्या छातीत धडधडायचं ते चोराच्या मागे सायकल हाणताना. ते कपाट संपलं की पुढचं कपाट एकदम मोठ्यांचं. तिथे प्रेम म्हणजे त्याग, न पोचलेली पत्रं, दुसरीकडे ठरलेलं लग्न आणि शेवटी कोणीतरी खाटेला खिळलेलं. चौदा-पंधराच्या पोरीने मधे कुठे बसावं, तर जागाच नाही.

मग माझ्या वाट्याला जे आलं ते मी त्या मोठ्यांच्या मापाने मोजलं. दांडियाबाजारात गणपतीच्या आरतीला समोरच्या रांगेत कोणीतरी झांजा वाजवायचं. ठेका चुकला की वाटायचं, माझ्याकडे बघितलं म्हणून चुकला. त्या वर्षी विसर्जनाहून घरी आले आणि जेवले नाही. वहीत काय काय लिहिलं होतं. ती वही पुढे... असो.

लेकीला हे सगळं हसत हसत भेटतंय. तिचं पहिलंवहिलं जे काही असेल, झालं असेल किंवा व्हायचं असेल, त्याच्या आधीच तिला माहीत आहे की हे सगळ्यांचं असंच होतं, पुटकुळीसकट. मला कोणी सांगितलं असतं तर? एक पुस्तक जरी कोणी हातात ठेवलं असतं तर? मघाशी हे लिहिताना डोळ्यांत पाणीच आलं.

पण ते खरं नाही. म्हणजे हेवा आहे, पण हसू त्याने अडलं नव्हतं. कारण बोकिलांची 'शाळा' मी वाचली तेव्हा खूप हसले होते. कादंबरी २००४ची, माझ्या हाती उशिरा आली. २०१८ला साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात भरलं तेव्हा ग्रंथदालनातून घेतली. नववीतली ती पोरं, त्यांचं ते लाईन देणं, शिरोडकरने नुसतं वळून बघितलं तर मुकुंदाचा अख्खा दिवस त्यावर निघणं. रात्री मी तोंडावर पांघरूण घेऊन हसत होते, घरातले उठू नयेत म्हणून. आणि शेवटची पानं वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कोणाशी धड बोलले नव्हते. म्हणजे हसता येतं मला. मग आजच काय झालं?

हे जरा नीट लिहून बघते.

या पुस्तकांत विनोद तो मुलगा करत नाही. तो अगदी गंभीर असतो, जिवाच्या आकांताने लिहीत असतो. गंमत अशी की त्याला अर्धंच दिसतं, आणि उरलेलं अर्धं त्याच्याच लिहिण्यातून आपल्याला दिसत राहतं. मुकुंदाच्या मागे आणीबाणी चालू आहे, मोठी माणसं दबक्या आवाजात बोलतायत, आणि याच्या डोक्यात शिरोडकर. ॲड्रियनच्या मागे बेकारी आहे, बापाची नोकरी जाते, शेजारचे लुकास घरी येऊन जाऊन असतात. तो हेही लिहितो, पण पुटकुळीच्याच तपशिलाने, त्याच शाईने. आई त्या शेजाऱ्याबरोबर खरंच घर सोडून जाते तोवर वाचणाऱ्याला केव्हाच कळून चुकलेलं असतं. पोराला काय दिसत नाही हे वाचणाऱ्याला दिसतं, त्याचं हे हसू.

म्हणजे कोण कुठे हसेल हे तो कुठे बसून ऐकतोय त्यावर आलं.

लेक त्या पोराच्या शेजारी बसून ऐकत होती. तिच्या कपाटाच्या दारावर डोरेमॉनचं स्टिकर होतं. मागच्या दिवाळीत तिने ते ब्लेडने खरवडलं. अर्धं निघालं, डोक्याचा एक निळा तुकडा आणि मिशांच्या दोन रेघा अजून तिथेच आहेत. त्यावर तिने आता कुठल्या तरी कोरियन मुलाचा फोटो लावलाय. तर ती हसणारच, तिला ते घुंगरू ओळखीचं आहे. आजी ऐकत होत्या त्या फार लांबून, साठ-एक वर्षं ओलांडून. तिथून त्यांना त्या पोराचं सगळं कौतुकच वाटत असेल.

आणि मी भिंतीच्या बाजूने ऐकत होते. तो कागद कोणीतरी लावला असेल ना. कधीतरी कुठल्या तरी दुकानात उभं राहून, हा का तो करत, पोराला आवडेल म्हणून तोच निवडला असेल. मापं घेतली असतील, खळ लावून सरळ चिकटवला असेल. ती बाई पुस्तकात पुढे जे काही वागते ते वागते, पण कागद निवडताना तर ती फक्त आई होती. आणि पोरगा त्यावर काळा रंग देतोय.

डोरेमॉनचं स्टिकर मी आणलं होतं. खंडेराव मार्केटच्या बाहेरून.

हे लिहिलं तेव्हा कुठे श्वास सुटला. पण लगेच दुसरं सुरू झालं. म्हणजे लेकीच्या गोष्टीत मी मागेच आहे. ती काही लिहीत असेल, फोनमध्ये नाहीतर वहीत, तर त्यात मी "आईने विचारलं जेवलीस का" एवढीच असणार. लुइझ रेनिसन यांची पुस्तकंही ती वाचते. पहिलं १९९९चं, चौदा वर्षांच्या जॉर्जियाच्या रोजनिशीचं. ती मुलगी पार्टीला भरलेलं ऑलिव्ह होऊन जाते, स्वतःच्या भुवया वस्तऱ्याने उडवून बसते, एका मुलासाठी वेडी होते. त्याच पुस्तकात बाप कामासाठी न्यूझीलंडला जातो आणि आईची घरात घालमेल चालली आहे. पण पानंच्या पानं भुवयांची. मागच्या आठवड्यात लेक हे सांगत होती तेव्हा मला त्या आईचंच पुढे ऐकायचं होतं. "तिचं काय झालं गं?" तर लेक म्हणाली, "कोणाचं?"

बराच वेळ त्या "कोणाचं"वर अडकले होते आत्ता.

पण मग माझं पंधरावं वर्ष आठवलं, आणि रडू थांबलं. त्या गणपतीच्या वर्षी आमच्या घरी बाबांचं जे चाललं होतं ते मला सगळं कळत होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी पूर्ण कळत होतं. कोणाचा फोन आला की आई स्वयंपाकघरात जायची, कुठल्या तारखेला कोण दारात येणार. त्यामुळे झांजांचं दुःखसुद्धा मी धड केलं नाही. केलं ते रात्री, सगळे झोपल्यावर, उसनवारी केल्यासारखं. ज्या पोराला घरातलं अर्धं दिसत नाही त्यालाच पुटकुळीचं एवढं लिहायला सवड मिळते. लेकीने "कोणाचं?" विचारलं, आणि तिला खरंच माहीत नव्हतं मी कोणाचं विचारतेय. माझ्याकडे बघून तिला काही सुचलंही नाही.

बरंय की मग. मी कागद लावणार, ती रंग देणार. निळा तुकडा राहिलाय तेवढा राहू दे.

झोप येतेय. आजींना बँडस्टँडचं विचारायचंय, पण त्यांचा मुलगा घरी नसताना.

शुक्रवार

आज 'शाळा' काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. लेकीने उचलली, मागचं पुढचं बघितलं. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, एका पानाला दहा मिनिटं, आणि मग वैतागते. "यात हसायला येतं?" विचारलं. म्हटलं, खूप येतं. शेवटाचं काही बोलले नाही.

आजींनी चष्मा मागवला. म्हणाल्या, मी वाचून दाखवते रोज थोडं थोडं, भाजी तुम्ही दोघींनी निवडायची. पहिल्याच पानाला लेकीने दोनदा थांबवून विचारलं, आणि 'आणीबाणी म्हणजे काय' हे आजी सांगायला लागल्या ते पुस्तक राहिलं बाजूला, पंचाहत्तर सालात कोणाची नोकरी कशी गेली इथवर पोचलो. लेक कंटाळून म्हणाली, "आजी, ते राहू दे ने. ती मुलगी कधी येते?"