ऑफिसला माणूस हवाच
महिनाभर डोक्यात एकच घोळ: ऑफिसकामाला पूर्णवेळ माणूस ठेवायचा की घरून बिलांचं काम करणाऱ्या ताईंवरच भागवायचं? सातपूरला आमचं छोटं वर्कशॉप, सगळे मिळून ७ जण. १० च्या आत म्हणून ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही, २० च्या आत म्हणून पीएफही नाही. तरी पगार, दिवाळी बोनस आलाच. ताई तासावर पैसे घेतात. जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरण, कधी ११ तारखेच्या पुढे गेला नाही.

पण आज दुपारी माल घेऊन टेम्पो आला, मी बँकेत. पोरं मशीनवर. नग मोजून चलनावर सही-शिक्का मारायला कुणीच नाही. ड्रायव्हरदादा पाऊण तास उन्हात, हातात चलन धरून उभे. फार वाईट वाटलं. त्यांना आधी पाणी दिलं, मग सही केली.

सोमवारपासून ऑफिसला माणूस बघतोय. बिलं मात्र ताईंकडेच राहतील.