नोटीस दिली आज

आज विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन नोटीस दिली, १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, आता ३० दिवस थांबायचं मग ३ साक्षीदार घेऊन जायचं. खरं सांगते, लग्नाची मला प्रचंड भीती वाटते, लहानपणापासून आईला सगळ्यांची जेवणं उरकून शेवटी गार भाकरी खाताना बघितलंय ना. आणि हा तर मला कॉलेजात फार बेफिकीर वाटायचा, कशाचंच काही नाही असा. पण आज क्लार्कने सहज विचारलं, मॅडम नाव बदलणार ना, तर मी तोंड उघडायच्या आत हाच म्हणाला, "नाही हो, तिचं आहे तेच राहणार, कायद्याने सक्ती नाहीये." इतकं भरून आलं! भीती आहेच अजून, पण ती त्याला सांगता येते. रात्री पैसे, स्वयंपाक, दोन्हीकडचे आईबाबा, सगळ्यावर बोलायला बसणार आहोत.