क्लच गेला की चिकटला?

रविवार, रात्री

आत्याची गाडी आज चालली, आणि तीही गिअरबॉक्स न उतरवता. आनंद ताजा आहे तोवर सगळं लिहून ठेवते. ‘क्लच गेला’ हे ऐकून ऐकून गेले काही दिवस कान किटले होते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आत्या लेकीकडे बंगळूरला गेली ती आषाढ लागता लागता. गाडी पुण्यात एरंडवण्यात, सोसायटीच्या आवारात, झाडाखाली उघड्यावर. त्याआधी शेवटची फेरी सिंहगड रोडला तुंबलेल्या पाण्यातून झाली होती आणि गाडी तशीच ओली उभी राहिली. मग सगळा पावसाळा गेला, गणपती गेले. वॉचमनकाका आठवड्याला न चुकता गाडी चालू करून थोडा वेळ ठेवायचे, त्यामुळे बॅटरी ठणठणीत होती. पण क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर पडेना. रिव्हर्सला नुसती दातांची करकर. इंजिन बंद केलं की मात्र सगळे गिअर सुरळीत पडत.

बोलावलेल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निकाल दिला: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पूर्ण सेट टाका. मला ते अजिबात पटलं नाही. झिजलेला क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही. इथे तर उलटं होतं, क्लच सुटतच नव्हता, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नव्हतं. या दोन दुखण्यांना एकच औषध कसं असेल? आणि गाडी उभी करताना चांगली चालत होती, तर उभ्या उभ्या प्लेट झिजेल कशी?

तिसऱ्या मजल्यावरचे काका टेल्कोतून, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधून, निवृत्त झालेले. ते म्हणाले, “आधी बाहेरचं सगळं बघू. पोटात हात घालायचा तो शेवटी.” ही त्यांची शिस्त मला फार मोलाची वाटते. पेडलपासून सुरुवात करायची आणि एकेक करत आत जायचं.

पेडल पोकळ लागत नव्हतं, खाली जाऊन अडकतही नव्हतं. हिचा क्लच ऑईलवर चालतो. ऑईलची बाटली ब्रेकची आणि क्लचची एकच, आणि पातळी बरोबर होती. (केबलवाली गाडी असती तर गंजून जड झालेली किंवा धागे तुटलेली केबल आधी बघितली असती.) मग काका आत बसून पेडल दाबत राहिले आणि मी बॉनेटमधून टॉर्च मारून गिअरबॉक्सच्या अंगाला असलेला स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑईलच्या दाबाने दांडी ढकलणारी नळी, बघत होते. त्याच्या रबरी टोपीवर धूळ होती, पण कोरडी. ऑईलचा ओघळ कुठेच नव्हता. प्रत्येक दाबाला दांडी बाहेर येत होती आणि क्लचचा फोर्क, म्हणजे आतला क्लच सोडवणारा दांडा, पुरता ढकलत होती. म्हणजे पायाचा जोर थेट फोर्कपर्यंत पोचत होता.

शेवटची खूण सगळ्यात साधी. इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, आणि दोघांनी मागून धक्का. क्लच सुटत असता तर गाडी सहज हलली असती, पण ती जागची हलेना. न्यूट्रलला टाकल्यावर लगेच घरंगळली. तेव्हाच काका म्हणाले, “प्लेट चिकटली आहे.”

पेडल मोकळं असतं तेव्हा प्रेशर प्लेटची स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, सतत दाबून धरते. गाडी उभी असते तेव्हाही. फ्लायव्हील लोखंडी, प्रेशर प्लेटही लोखंडी, त्यात चार महिन्यांचा दमटपणा. गंज धरतो आणि प्लेटचं अस्तर त्याला चिकटतं. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तिन्ही एकत्र फिरत राहतात, सुटत कुणीच नाही. वॉचमनकाकांनी मनापासून केलेल्या कामाने बॅटरी वाचली, पण क्लचला त्याचा काही उपयोग नव्हता.

मांडवाच्या बांबूचा उरलेला एक तुकडा सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवून रात्रभर क्लच दाबून ठेवला. कधी कधी एवढ्यानेही सुटते म्हणतात. आमची सुटली नाही.

म्हणून आज पहाटे, रस्ते रिकामे असताना, इंजिन चांगलं गरम केलं, बंद केलं, गाडी ढकलत बाहेर काढली, पहिला गिअर टाकून किल्ली फिरवली. क्लच दाबलेला असूनही गाडी सरळ चालायला लागली! म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडवर काकांनी क्लच दाबूनच थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, सोडायचा, मधेच ब्रेकला पाय लावायचा, असं सुरू केलं. बऱ्याच झटक्यांनंतर खालून खट्ट असा आवाज आला आणि इंजिन एकदम मोकळं फिरलं. मी मोठ्याने ओरडलेच.

हा उपाय मोकळा, सरळ रस्ता असेल तरच करावा. गाडी क्लचने थांबत नाही, म्हणून हात किल्लीवरच हवा. झटके गिअरबॉक्सला आणि इंजिनच्या माउंटिंगलाही बसतात, तेव्हा उगाच ताणू नये. प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच गंजून बसली असेल तर झटक्यांनी भागत नाही, मग गिअरबॉक्स उतरवणं आलंच.

सुरुवातीला गाडी उचलताना थरथरत होती, हळूहळू ते कमी झालं. चांदणी चौकाच्या चढावर वरच्या गिअरमध्ये मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला: इंजिन फुकट ओरडलं नाही, क्लच घसरत नाही. थरथर पुन्हा वाढली तर अस्तर उखडलंय असं समजून प्लेट बदलू. आज तरी त्याची गरज नाही. आत्याला फोन केला तर तिने आधी काकांना चहा दिलास का ते विचारलं.

वॉचमनकाकांना गाडी येते, तेव्हा आता चालू करून झाल्यावर क्लच दाबून आवारातल्या आवारात पुढेमागे घ्यायची असं ठरलंय. शनिवारी ब्रेक आणि क्लचचं ऑईल बदलायला न्यायची आहे. ते हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलायला हवं, आणि बाटलीतलं आताच कोऱ्या चहासारखं दिसतंय.