‘करमत नाही’ला जर्मनमध्ये काय म्हणतात?

गेल्या मंगळवारी रात्री पावणेनऊच्या सुमारास मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडत होतो आणि वॉचमनकाकांनी काचेवर टकटक केलं, "साहेब, बॅटरी उतरली का?" म्हंटलं हो काका, उतरलीय. ते बिचारे जंप केबल शोधायला गेले आणि इकडे कानात इअरफोनवर काउन्सेलर मॅडम हसू दाबतायत हे मला स्पष्ट ऐकू येत होतं.

तर आता लिहूनच टाकतो. मी दोन वर्षांहून जास्त काळ काउन्सेलिंग घेतोय. सुरुवात जर्मनीत श्टुटगार्टला असताना झाली. सात वर्षं होतो तिथे, गाड्यांच्या कंपनीत, आजूबाजूला पुण्याचेच निम्मे लोक. नोकरी चांगली, घर चांगलं, शेजारी कडक पण सरळ. तिकडे जिना आळीपाळीने झाडायची पद्धत आहे, केअरवोखे म्हणतात, ज्याचा नंबर असेल त्याच्या दाराला पाटी लटकवतात. बाहेर बर्फ, चार वाजताच अंधार पडायला लागायचा, मी जिना पुसतोय आणि मनात एकच वाक्य फिरतंय, करमत नाही. बस एवढंच. दुखत नाही खुपत नाही, करमत नाही.

तिथल्या कंपनीकडून फुकट काउन्सेलिंग मिळायचं, इंग्रजीत. बाई चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवत नाही. पण त्या विचारायच्या, उदास वाटतं का, भीती वाटते का, एक ते दहामध्ये किती? आता करमत नाही हे उदास पण नाही आणि भीती पण नाही, मी सहा म्हणायचो, का म्हणायचो देव जाणे. शेवटी त्यांनी जर्मन शब्द दिला, हाइमवेह, म्हणजे घराची ओढ. मी पण मान डोलावली. नंतर कळलं की तो शब्दही माझा नव्हताच, कारण घरी आल्यावर माझं जास्त बिघडलं.

पण ते पुढे. त्या सहा सेशन्स संपल्यावर तिथल्या विम्यातून थेरपी घ्यायची ठरवली. विमा पैसे देतो हे खरंय पण थेरपिस्टचा नंबर लागायला कित्येक महिने जातात, त्यात इंग्रजी बोलणारा हवा म्हणजे अजूनच. मग बायको म्हणाली अरे पुण्यातल्याच कोणाशी ऑनलाइन बोल ना, मराठीत. आधी फॉर्म भरायचा होता, त्यात एक रकाना, तुमच्या शहरात तातडीने पोचू शकेल अशा व्यक्तीचं नाव आणि फोन, घरातलं सोडून. काउन्सेलर दुसऱ्या देशात असला की हे विचारतातच आणि बरोबरच आहे, काही झालं तर पुण्यातून त्या काय करणार. मी त्या रकान्यापाशी वीस मिनिटं अडलो. सात वर्षं राहून एक नाव सुचेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींचं लिहिलं, ज्या मला जिना नीट पुसला नाही म्हणून बोलायच्या.

वेळ ठरली मंगळवार, भारतातली रात्री साडेआठ, म्हणजे तिकडे संध्याकाळी पाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि मी नेहमीसारखा पाचला लॉगिन केलं तर इकडे साडेनऊ वाजलेले. फी पूर्ण गेली. (वाईट वाटलं पण नियम म्हणजे नियम.)

मॅडमनी दुसऱ्याच वेळेला विचारलं, आईला रोज फोनवर काय सांगता? म्हंटलं, मस्त चाललंय. त्या म्हणाल्या या आठवड्यात एक गोष्ट अशी सांगा जी मस्त नाहीये, छोटीशी चालेल. मला वाटलं हा काय गृहपाठ. पण रविवारी व्हिडिओ कॉलवर आई नेहमीसारखी कपाळ आणि सीलिंग फॅन एवढंच दाखवत होती, तेव्हा बोललो, आई मला इथे करमत नाही गं. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, बाबा गेल्यापासून मला पण नाही रे, पण तुला एवढ्या लांब कशाला सांगायचं.

त्यानंतर वर्षभरात आम्ही परत आलो, जून २०२३. आईला सांगलीहून पुण्याला आणलं. सगळ्यांना वाटलं आता याचं सुरळीत झालं. मला पण. तर तीन महिन्यांत राजारामपुलाच्या सिग्नलला मागचा सलग हॉर्न वाजवत होता म्हणून मी गाडीतून उतरून त्याच्यावर असा ओरडलो की मुलगी मागच्या सीटवर घाबरून रडायला लागली. मावसभाऊ विचारतो, काढलं का रे तुला तिकडून? ऑफिसमध्ये मीटिंग वेळेवर सुरू करा म्हंटलं की "आले जर्मनीवाले". तिकडे मी इंडियावाला होतो, इकडे जर्मनीवाला.

मॅडम म्हणाल्या यावर अभ्यास झालेत. कल्चर शॉकवर १९५४ मध्ये कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने रिओमध्ये भाषण दिलं होतं, तिथल्या बायकांच्या क्लबात. पुढे १९६३ मध्ये गलाहॉर्न नवराबायकोने मांडलं की परत आल्यावर पुन्हा तसाच खड्डा येतो. जाताना माणूस तयारीत असतो, येताना नसतो, कारण घरीच तर चाललोय. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं ना, म्हणजे मी नाटकी नाहीये.

एक मात्र सांगतो, फी सगळ्यांना परवडत नाही हे मला माहितीये. भारतात असाल तर १४४१६ ला फोन करा, सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. परत आल्यावर एकदा रात्री दीडला मी केलाय. पलीकडचा मुलगा म्हणाला, बोला दादा, घाई नाहीये. तेवढ्यानेच अर्धं काम झालं.

सेशन गाडीत का, तर घरात आई असते. तिला कळू नये म्हणून. मंगळवारी जेवण उरकलं की "जरा खाली जाऊन येतो". काल भाजी निवडता निवडता म्हणाली, तू ज्या बाईंशी बोलतोस त्या माझ्यासारखीशी बोलतात का रे? इथे बाल्कनीतून नुसत्या गाड्या दिसतात, सांगलीला दारात बसलं तरी चार जणी थांबायच्या. आणि मी दीड वर्ष समजत होतो की मी परत आलो, हिला इकडे आणली, म्हणजे हिचं झालं.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या एका घरातल्या दोघांना मी नाही घेत, पण दुसऱ्या एकांचा नंबर देते, त्या मूळच्या मिरजेच्या आहेत. आईची वेळ गुरुवारी सकाळी अकराची ठरलीय. कालपासून एकच विचारतेय, गाडीतच बसून बोलावं लागतं का.