डिस्कसच्या पिल्लांचं पाणी: आधी पिंप, मग फिल्टर

डिस्कस या मत्स्यालयातल्या, थाळीसारख्या गोल माशाची पिल्लं वाढवायची ठरलं की "फिल्टर कोणता लावू?" हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. तो विचारायलाच हवा, पण त्याचा नंबर दुसरा. आई-बापापासून वेगळी केलेली, अडीच ते पाच सेंटिमीटरची पिल्लं दिवसाला पाच-सहा वेळा खातात. त्या खाण्यातलं अंगी लागतं ते थोडंच, बाकीचं त्याच पाण्यात उतरतं. फिल्टरमधले उपयोगी जीवाणू या घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते नायट्रेट, विरघळलेला सेंद्रिय मळ आणि त्यावर पोसणारे जीवाणू मात्र टाकीतच राहतात. त्यांना बाहेर काढायचं तर पाणीच बदलायला हवं.

किती बदलायचं, हे सोप्या गणिताने कळतं. समजा टाकीत रोज १० पीपीएम (म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम) नायट्रेटची भर पडते. रोज निम्मं पाणी बदललं, तर काही दिवसांनी बदलण्याआधीचा आकडा २० वर स्थिरावतो. रोज पाव टाकी बदलली तर ४०, दहा टक्केच बदललं तर १००. आठवड्यातून एकदाच निम्मं बदललं तर १४०. फिल्टर या सगळ्यांत तोच आहे! डोळे मोठे, अंग लांबट आणि वाढ खुंटलेली अशी पिल्लं बहुतेक वेळा या शेवटच्या दोन हिशोबांतून तयार होतात. खाद्य बदलून ती पुन्हा गोल होत नाहीत. म्हणून वाढीच्या काळात रोज निम्मं पाणी हा किमान हिशोब धरावा.

एवढं पाणी रोज द्यायचं तर ते आदल्या दिवशी तयार असायला हवं. २०० लिटरच्या टाकीसाठी निदान १५० लिटरचं, खाद्यपदार्थ साठवायच्या दर्जाचं प्लास्टिकचं झाकणवालं पिंप घ्या. त्यात जोरदार एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा दगड), हीटर आणि पाणी चढवायला एक छोटा पंप. पाणी २४ तास हवेवर ठेवायचं आणि तापमान टाकीइतकंच, म्हणजे २९-३० अंश सेल्सिअस राखायचं. दोन्हीकडच्या तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक नको.

हवा कशासाठी? एक तर क्लोरीन उडून जातो. दुसरं, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात दाबाखाली विरघळलेले वायू असतात. थंड पाणी गरम करून लगेच टाकीत ओतलं की ते सुटतात आणि पिल्लांच्या परांवर, डोळ्यांवर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. तिसरं कारण पीएच. ताज्या पाण्याचा पीएच आत्ता मोजा, तेच पाणी एक दिवस हवेवर ठेवून पुन्हा मोजा. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर आकडा अर्ध्या अंकापेक्षा जास्त सरकत असेल, तर तुमच्याकडे पिंपाला पर्याय नाही. टाकीत हा बदल पिल्लांना सोसावा लागतो, पिंपात कुणालाच नाही.

पाण्यात क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर एका दिवसाच्या हवेने तो जात नाही. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन काढतो. एक पीपीएम क्लोरीनसाठी १०० लिटरला साधारण ०.७ ग्रॅम पुरतो. क्लोरामाईनवर हायपो टाकला की क्लोरीन संपतो आणि अमोनिया मोकळा होतो. अशा वेळी अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर वापरा. पिंपातलं पाणी चढवण्याआधी अमोनियाची चाचणी करायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत.

या अमोनियाचा एक सापळा आहे. पीएच ७ आणि तापमान २८ अंश असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.७ टक्के विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच भाग साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. आता अशी टाकी घ्या जिचं पाणी बरेच दिवस बदललेलं नाही आणि पीएच घसरून सहाच्या खाली आलाय. तिथे फिल्टरमधले जीवाणू मंदावतात, अमोनिया साचतो, पण आम्लामुळे तो फारसा बाधत नाही. मासे बरे दिसतात. मग कुणीतरी दया येऊन एकदम ७० टक्के ताजं, ७.८ पीएचचं पाणी घालतं आणि तासाभरात मासे कोपऱ्यात काळे पडून धापा टाकू लागतात. दोष ताज्या पाण्याला लागतो. अशी टाकी सापडली तर आधी अमोनिया मोजा, मग तासातासाने दहा-दहा टक्के पाणी बदलत या.

पीएच घसरतो तो केएच, म्हणजे पीएच सावरून धरणारी पाण्याची क्षारता, संपल्यामुळे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्च होते, आणि भरपूर खाणाऱ्या पिल्लांच्या टाकीत हा खर्च रोजचा असतो. पिंपातल्या पाण्याचा केएच ३-४ जर्मन अंश (केएच मोजायचं एकक) असू द्या. कमी असेल तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा एक अंश वाढवतो. सोडा पिंपात टाकायचा, टाकीत नाही.

इथेच आरओचा, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरचा विषय येतो. मऊ पाणी लागतं ते अंडी घालणाऱ्या जोडीला. वाढत्या पिल्लांना हाडांसाठी कॅल्शियम हवं, त्यामुळे निव्वळ आरओचं पाणी त्यांच्यासाठी गैरसोयीचंच. नळाच्या पाण्याचा पीएच साडेसहा ते पावणेआठच्या दरम्यान स्थिर असेल तर आरओवर पैसे घालवू नका. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये) फारच जास्त असेल तर मिसळून वापरा. नळाचा टीडीएस ४००, आरओचा २० आणि हवा १५०, तर १०० लिटरमध्ये ३४ लिटर नळाचं आणि ६६ लिटर आरओचं. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदला, नाहीतर क्लोरीन मेम्ब्रेन खातो आणि टीडीएस गुपचूप चढत जातो.

आता फिल्टर. पिल्लांच्या, तळाशी वाळू-खडी नसलेल्या टाकीला हवेवर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर पुरतात, आणि माझ्या मते तेच सर्वात चांगले. पिल्लू ओढलं जात नाही, पाणी हलत राहतं, आणि ३० अंशाच्या पाण्यात मुळातच साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर ऑक्सिजन राहत नसल्याने ती हालचाल लागतेच. स्पंज जाड छिद्रांचा घ्या. बारीक छिद्रांचा स्पंज मांसाच्या खाद्याने तीन-चार दिवसांत तुंबतो. बुडबुडे नेहमीसारखे येत राहतात, पण नळीतून वर येणारं पाणी कमी होतं, म्हणून नजर बुडबुड्यांवर नको, पाण्यावर ठेवा. धुताना एका वेळी एकच स्पंज, तोही सायफनने काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दाबून. नळाखाली धरला की क्लोरीनने जीवाणू गेले.

नवा स्पंज रोगमुक्त, चालू टाकीत चारेक आठवडे ठेवून वापरावा. तशी टाकी नसेल तर रिकाम्या टाकीत २ पीपीएम अमोनिया घालून फिल्टरमधले जीवाणू वाढू द्या. घातलेला अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर आले की टाकी तयार. एवढं करूनही पिल्लं वाढल्यावर कधी नायट्राइट दिसलाच, तर खाद्य निम्मं करा आणि १०० लिटरला १० ते २० ग्रॅम साधं मीठ घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

पाणी बदलायचा क्रम असा ठेवा. खाणं देऊन अर्धा तास झाला की हीटर बंद, नाहीतर उघडा पडून काच तडकते. मग आतल्या काचा पुसून बुळबुळीत थर सुटा करायचा आणि टोकाला जाळी लावलेल्या सायफनने तळाची घाण ओढून घ्यायची. पिंपाचं पाणी हळूहळू चढवायचं आणि पातळी पूर्ववत झाल्यावरच हीटर लावायचा. काचेवरचा थर बरेच जण सोडून देतात, पण भरपूर खाणं पडणाऱ्या टाकीत तो एका दिवसात बोटाला लागतो.

कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, लावायचाच असेल तर त्याच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाला स्पंज बसवा आणि तो दर दोन दिवसांनी धुवा. बंद डब्यात अडकलेला मळ नजरेआड असतो, पाण्याबाहेर गेलेला नसतो. वीज तीन-चार तास गेली तर आतला ऑक्सिजन संपून पाणी सडायला लागतं. वीज आल्यावर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. आधी डब्यातलं पाणी ओतून द्या, आतलं माध्यम (जीवाणू वाढतात ते स्पंज, खडे वगैरे) टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या आणि मगच जोडा.