गडग्यावरचा खंड्या: निळा मळतो कुठे?
कोकणात खंड्या शोधायला जावं लागत नाही. मळ्यावरच्या विजेच्या तारेवर, खाडीकाठच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, तो बसलेलाच असतो. संगणकावर रंगवताना त्याचं चित्र बिघडतं ते मात्र निळ्यात. तपकिरी डोकं-पोट, पांढरा गळा, लाल चोच थोडी चुकली तरी निभावतं; पाठ एक तर प्लास्टिकच्या बादलीसारखी दिसते, नाहीतर तिचा चिखल होतो. हा निळा रंगद्रव्याचा नाहीच, पिसांच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरतो म्हणून दिसतो. त्यामुळे उजळायला पांढरा नि सावलीला काळा मिसळला की तो मेलाच.

कॅनव्हास ए-फोर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. आधी मध्यम राखाडी भरा, नाहीतर पांढरी छाती दिसणारच नाही. स्केचचा लेअर (चित्राचा वेगळा थर) ३० टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे आरपार दिसेल इतका फिकट. पक्षी जेमतेम २८ सेंमीचा, त्यात चोचच सहाएक सेंमीची. चोच आखूड झाली की खंड्याची साळुंकी होते.

स्केचखाली सबंध पक्ष्याचा आकार कडक काठाच्या गोल ब्रशने, ओपॅसिटी १०० ठेवून भरा. मऊ ब्रशने भरलात तर काठ अर्धपारदर्शक राहतो आणि त्यावर क्लिप केलेला, म्हणजे त्या आकारापुरताच बांधलेला, रंग कितीही गिरवला तरी तो भरत नाही. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार आणि रंगांचे लेअर एका ग्रुपमध्ये घ्या, मगच वरच्यांना ‘इनहेरिट अल्फा’ (रंग खालच्या आकारातच ठेवणारा पर्याय) लावा. ग्रुप न करता लावलं तर खालची पार्श्वभूमीही धरली जाते आणि रंग बाहेर सांडतो.

आता निळा. मूळ ह्यू (रंगचक्रावरची जागा) २०० अंशांच्या आसपास. उजेडाकडे १९०, सावलीकडे २२५. सावलीत ब्राइटनेस (उजळपणा) कमी करा, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) पाडू नका. सगळ्या पक्ष्यावर एकच तपकिरी मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारा मोड) फिरवायची सवय असते, चिखल तिथेच होतो. निळ्याची सावली वेगळ्या लेअरवर, नॉर्मल मोडमध्ये.

उन्हातल्या जांभ्याच्या गडग्यावर बसवलात तर छातीच्या खालच्या कडेला विटकरी उजेड येतो: मऊ ब्रश, १० ते १५ टक्के, बस्स. तारेवरच्या खंड्याला तो देऊ नका.

पिसं एकेक काढत बसू नका. मिटलेल्या पंखाला पाच-सहा लांब फटकारे पुरतात. खांद्याजवळचा काळा पट्टा तेवढा विसरू नका. तपकिरी-पांढऱ्याच्या सीमेवर मात्र वेळ घालवा: ३ ते ५ पिक्सेलचे निमुळते फटकारे, पिसं वळतात त्या दिशेने. पेनाच्या दाबाने फक्त जाडी बदलू द्या. ओपॅसिटीही बदलली की फटकारे एकमेकांत मिसळून पिसांऐवजी लोकर दिसते. स्मज (रंग फासून पसरवणारं साधन) तर नकोच, पीस लोण्यासारखं दिसतं.

पायाचं बाहेरचं आणि मधलं बोट बरंच अंतर जोडलेलं असतं. डोळ्यात चमक एकच, उजेडाच्या बाजूला.

अधूनमधून सगळ्यांत वर काळा लेअर भरून त्याचा मोड ‘कलर’ करा. चित्र कृष्णधवल दिसेल. त्यात पाठ आणि डोकं एकाच राखाडीत बुडालं, तर डोकं गडद करा.

छापायचं असेल तर आधी सीएमवायके प्रूफ (छपाईच्या चार शायांत चित्र कसं दिसेल ते) पाहा, हा निळा तिथे हमखास मंद पडतो. सॅच्युरेशन वाढवून उपयोग नाही, छपाईच्या शाईत तो रंगच नसतो. त्यापेक्षा शेजारचा तपकिरी थोडा विझवा.