दिवाळीपासून हरवलेला डग्गा

धरमपेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला, तो त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर विकण्यासंबंधी. "डग्गा ऐकूच येत नाही, यंत्र थकले असेल, तुम्हीच घेऊन जा आणि नवे सुचवा," असे ते म्हणाले. घरगुती ऑडिओ संचांची दुरुस्ती मी बावीस वर्षे करीत आहे. न ऐकता यंत्र उचलणे मला पटत नाही, म्हणून आधी त्यांच्या बैठकीत बसून ऐकतो, एवढेच मी कबूल केले.

मे महिन्याची दुपार होती आणि खिडकीतला कूलर पूर्ण वेगात चालला होता. त्याच्या घरघरीत तंबोऱ्याचे बारीक नाद बुडून जातात, त्यामुळे तो दहा मिनिटे बंद करण्याची विनंती मला करावी लागली. नागपूरच्या उन्हाळ्यात असे मागणे सोपे नसते, पण काकांनी लगेच बटण दाबले. ख्यालाचे एक ध्वनिमुद्रण लावले, तेव्हा गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहण्याऐवजी खोलीभर विखुरल्यासारखा वाटत होता आणि डग्ग्याची नुसती थाप येत होती, घुमारा नव्हता. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की माझा पहिला संशय तारांवर जातो.

स्पीकरांच्या जाळ्या काढल्या, अ‍ॅम्प्लिफायरकडची तारेची टोके सोडवली आणि त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. डाव्या स्पीकरचा कागदी कोन बाहेर आला. उजव्याचा मात्र आत गेला. एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढत होता, आणि खर्जाच्या लांब लाटा अशा वेळी एकमेकींना खाऊन टाकतात. दिवाळीच्या रंगकामात तारा काढल्या होत्या, हे काकांना तेव्हा आठवले. तारेच्या एका पदरावरची काळी रेघ इतकी विटली होती की ती उलट जोडली जाणे स्वाभाविक होते.

जोडणी सुलटी करताच गायक मधोमध येऊन उभा राहिला. परंतु काकांच्या खुर्चीत बसल्यावर डग्गा अजूनही पातळच लागत होता, आणि इथे मी खरोखर अडलो. तेवढ्यात मागच्या भिंतीतल्या स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "अहो, इथे तर किती छान घुमतो आहे बाप्पा!"

त्या एका वाक्याने उलगडा झाला. मी टेप काढून मोजले, तर खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर होती. ऐंशी हर्ट्झच्या आसपासच्या ध्वनिलाटेची लांबी साधारण 14 फूट असते. भिंतीवरून परतणारी लाट 7 फूट, म्हणजे नेमकी अर्धी लांबी, जास्त चालून येते आणि समोरून येणाऱ्या लाटेला त्याच जागी पुसून टाकते. डग्ग्याच्या घुमाऱ्याचा मोठा भाग नेमका याच पट्ट्यात असतो. भिंतीलगत मात्र दोन्ही लाटांची भर पडते, म्हणून काकूंना तो भरघोस ऐकू येत होता. अ‍ॅम्प्लिफायरचा यात काहीही दोष नव्हता.

खुर्ची दीड फूट पुढे घेतली. स्पीकर शोकेसच्या कोपऱ्यातून काढून दोन लाकडी स्टुलांवर ठेवले, त्यांचे ट्वीटर, म्हणजे वरच्या बारीक स्वरांचे छोटे स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणले आणि दोन स्पीकर व खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधला. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरल्यावर टाळ्यांसारखा टणत्कारही ओसरला. पुन्हा तेच मुद्रण लावले. समेवर डग्गा असा भरून आला की काकांनी काही न बोलता खुर्चीच्या हातावर ताल धरला, आणि कूलर सुरू करण्याचे पुढची वीस मिनिटे कोणालाही सुचले नाही.

मी निघालो तेव्हा काका शाळेतल्या खडूंच्या जुन्या डबीतून एक पांढरा खडू काढून सतरंजीबाहेर आलेल्या खुर्चीच्या पायांभोवती खुणा करीत होते, कारण सकाळी केर काढताना ती हलणारच होती.